पहिलं पाणी

प्रेमदास आणि त्याची भावजय रूपाबाई यांची विहीर एक, पण दोघं एकमेकांचं तोंडही बघत नसत. हळदीच्या पिकाला पहिलं पाणी कुणाचं, हे दरवर्षी तांड्याच्या नाईकासमोर ठरायचं. आपापला फासा पेल्यात खुळखुळवून तीनदा टाकायचा. ज्याची बेरीज मोठी, त्याची मोटर आधी. दुसऱ्याच्या फाशाला बोटही लावायचं नाही, इतकं हाडवैर.

मागच्या साली प्रेमदासला तिन्ही वेळा सहा पडले. पडणारच! एकच्या ठिपक्यात भोक पाडून त्यानं आत शिसं भरलं होतं. यंदाही तोच फासा घेऊन तो मिशीला पीळ देत बसला.

"नाईक, यंदा माझा एक नियम," रूपाबाई म्हणाली. "लागोपाठ तीन सहा ज्याला पडतील, तो हरला."

"असा कुठं नियम असतो व्हय?" प्रेमदास उसळला.

"माझी शितल कॉलेजात शिकून राहिली. ती म्हंती, असं दोनशे सोळा डावांत एखाद्याच डावात पडतं. मंग तुमालाच काहून भेव वाटून राहिलं, भाऊजी?"

सगळा तांडा त्याच्याकडे बघू लागला. खिशात दुसरा फासा नव्हता.

"मला कशाचं भेव!" म्हणत त्यानं दातओठ खाऊन पेला उपडा केला. सहा. पुन्हा टाकला. सहा.

 

तिसऱ्यांदा पेला खुळखुळत होता, तेव्हाच रूपाबाई पदर खोचून मोटर चालू करायला निघाली होती.