जबड्यावरचं बोट
कॅन्सरच्या ऑपरेशनात सहादूचा खालचा ओठ गेला होता. गालाचं मांस वळवून नवा ओठ करता आला असता, पण त्याला रक्त पुरवणारी धमनी रेडिएशननंतर शाबूत असेल तरच. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर तेजल जबड्याच्या कडेवर बोट ठेवून ती शोधत होत्या. उजवीकडे काहीच लागलं नाही. डावीकडे त्यांनी बोट टेकवलं आणि तिथेच ठेवलं. पेठहून नवऱ्यासोबत आलेल्या विमलाबाईंनी पाहिलं, ते बोट बारीक थरथरत होतं.

"मॅडम, नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या. मी भरवीन यांना चमच्यानं, जन्मभर."

"माझा हात स्थिर आहे, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "बोट हलवतेय ती यांची नाडी."