आज किती लोक आले

"आंटी, मैं कुछ नहीं बताऊंगी," सोनिया म्हणाली. "आप खुद देखिए. जो समझ में आए, बोलते जाइए."

सुशीलाबाईंनी लॅपटॉप जरा लांब सरकवला. "तू मले तपासून राहिली का याले?"

"इसको. आपको समझ में नहीं आया तो गलती हमारी."

सोनिया नव्या रायपूरच्या एका लहानशा कंपनीत होती. वेबसाइटवर किती लोक येतात, काय पाहतात, हे दाखवणारं एक नवं पान त्यांनी बनवलं होतं. जुनं कोणालाच कळत नव्हतं. हे तरी घरगुती धंदेवाल्यांना कळतं का, ते बघायला ती जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात आली होती. सुशीलाबाईंचं नाव महिला गटाकडून मिळालं होतं, आणि त्यांच्या पापडांची साइटही याच कंपनीकडं निघाली. सोनियाच्या घरी मराठी बोलत. ती उत्तर मात्र हिंदीतच देई.

"त्या साइटवर कोणी येत नाही," सुशीलाबाईंनी तिला दारातच सांगितलं होतं.

तसं त्यांना साइट बघणाऱ्या मुलानं, अभिनवनं दाखवलं होतं. दिवाळीनंतर एकदा त्यानं मोबाइलवर आलेख उघडून त्यांच्यापुढं धरला. एक निळी रेघ, तळाशी आडवी पडलेली. "बघ आई, कोणी नाही येऊन राहिलं. कशाले जीव काढतेस?" सूनबाई नोकरीवर जायची, बाळ लहान होतं, आणि त्याच्या नव्या रायपूरच्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली तयार होती. सुशीलाबाईंनी उडदाची डाळ दळायला टाकणं बंद केलं. आतल्या पलंगावर आता दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "आज कितने लोग आए. एकतीस." मग सोनियाकडं पाहिलं. "कुठं आले? माझ्या दारात तर कोणी नाही आलं."

सोनियानं काहीतरी टिपून घेतलं.

"काय लिहून राहिली?"

"यही, जो आप बोल रही हैं."

सुशीलाबाईंना ते आवडलं नाही. मागं पाणी साफ करायचं मशीन विकायला आलेला माणूसही असंच गोड बोलत बसला होता.

"हे एकतीस तूच टाकले असशील," त्या म्हणाल्या. "मले खुश करायले. नाही तर पोट्ट्यानं दाखवली ती रेघ खाली काहून होती?"

सोनियानं जुनं पान उघडलं. तीच निळी रेघ, तशीच तळाशी.

"यही थी?"

"हव. हीच."

"आंटी, ये ऑनलाइन पेमेंट की लाइन है. पुराना पेज खोलो तो सबसे पहले यही दिखती है, सब फंसते हैं. आपके यहां लोग पापड़ कैसे मंगाते थे?"

"फोन करून."

"तो ये नीचे ही रहेगी. आने वालों की लाइन दूसरी है."

सुशीलाबाईंचा चेहरा सैल झाला. "म्हणजे पोट्ट्याले वाचताच नाही आलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. सोनियासाठी चहा टाकायला उठल्या, पण अर्ध्यातून परत आल्या. पान अजून खाली जात होतं. त्यांनी स्वतःच बोटानं ते सरकवलं.

"फोन का बटन दबाया," त्यांनी वाचलं. "इस महीने, त्रेसष्ट. म्हणजे काय?"

"मतलब इतनी बार लोगों ने वहां से फोन लगाया."

"कोणाले?"

"आपको."

सुशीलाबाईंनी टेबलावरचा आपला मोबाइल उचलला, चालू आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला. "माझा फोन तर वाजलाच नाही."

"हो सकता है हमारी गिनती गलत हो," सोनिया घाईनं म्हणाली. तिनं आपल्या मोबाइलवर ती साइट उघडली. पापडाच्या चळतीचा फोटो, खाली हिरवं बटण, बटणावर नंबर. "नंबर आपका ही है ना?"

सुशीलाबाईंनी मोबाइल हातात घेतला. नंबर एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"दाब," त्या म्हणाल्या. "तुझ्याच फोनवरून. अन् आवाज मोठा कर."

दोनदा रिंग वाजली.

"जी, बोलिए." आवाज अभिनवचा होता.

सोनियाला तो आवाज ठाऊक नव्हता. तिनं सुशीलाबाईंकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, बोल म्हणून.

"वो, उड़द के पापड़ चाहिए थे," सोनिया म्हणाली.

"पापड़ का काम बंद हो गया है मैडम."

"फिर कब शुरू होगा?"

"अब नहीं होगा." आवाज नम्र होता, सवयीचा. "जो बनाती थीं, वो नहीं रहीं."

फोन कट करायला सोनियाचा हात बटणाकडं गेला. सुशीलाबाईंनी तो धरला आणि मोबाइलवर वाकल्या.

"कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

पलीकडं कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"आई?"

"हव," सुशीलाबाई म्हणाल्या. "आतापर्यंत कोणाकोणाले सांगतलं?"