उंबऱ्यापाशी मांडलेलं पान

“सयाजी, ये रे बाबा! पान वाढलंय, भात निवतोय, लांबची वाट नको धरू!”

राहीआजीची हाक अक्षदाच्या कानात अजून ताजी होती. आजी गेली त्या साली घरात गौरी आल्याच नाहीत. यंदा आल्या, आणि हाक घालायची पाळी अक्षदाची आली.

सात पावसाळ्यांपूर्वी कशेडी घाटात दरड आली. सयाजी, म्हणजे अक्षदाचे बाबा, ट्रकसकट तिच्याखाली गेले. तेव्हापासून गौरीच्या जेवणाला एक पान उंबऱ्यापाशी मांडलं जाई. आजी दारात उभी राहून तीनदा हाक घाली. तोवर कुणी वड्याला हात लावायचा नाही, ही तेव्हापासूनची घरची रीत.

पण आज पंगतीला सलोनी होती. कॉलेजातली, महाडची. गौरीचे कोंबडी-वडे खायचेत म्हणून सकाळच्या एस्टीनं न सांगता येऊन थडकलेली. गेल्या महिन्यात हिनंच एका मुलीच्या आईच्या गावरान ‘हाय-नाय’ची नक्कल करून मोबाईलवर टाकली होती. सगळा वर्ग हसला. अक्षदाही हसली होती. ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही.

आताही सलोनीच्या हातात मोबाईल होता. “पप्पांना फोटो पाठवते हं. मस्कतमध्ये असलं कुठं मिळतं!”

अक्षदानं त्या मोबाईलकडे पाहिलं. उद्या सगळ्या वर्गाच्या मोबाईलवर आपण. मेलेल्या माणसाला जेवायला बोलावणारी.

“ऊठ गो अक्षे, भात निवला,” आई म्हणाली.

“आई, या वर्षी तूच घाल ना.”

“मी नवऱ्याचं नाव घेऊ? आनि लेक असताना? पाव्हणीसमोर लाजतेस काय गो?”

सलोनीनं मान वर केली. “काय करायचंय?”

अक्षदा उठली. दारासमोर ओली पायवाट खाली हमरस्त्याकडे उतरत होती. पहिली हाक घशातच विरली. दुसरी चिरकली. पाठीमागे आता हसू फुटणार, म्हणून तिनं डोळे गच्च मिटले. आणि तिसऱ्या वेळी कुठून कोण जाणे, आजीचाच सूर वर आला.

“बाबा, या हो! पान वाढलंय, भात निवतोय, लांबची वाट नका धरू!”

हाक समोरच्या डोंगराला लागून परत आली. मागे कुणी हसलं नाही. ती भीतभीत वळली.

सलोनीचा मोबाईल तिच्या पानाशेजारी पालथा पडला होता. तिनं वड्याला हातही लावला नव्हता. ती उंबऱ्यापाशी वाढलेल्या पानाकडे बघत होती.

“काकू,” ती अगदी हळू म्हणाली, “आणखी एक पान मांडाल? दीपक नाव आहे. पप्पा मस्कतला नाहीत.”