कवड्याचा वाटा

माणसांचे वाटे पडले, कुत्र्यांचे पडले आणि चांगोनं कोयता पुसून बाजूला ठेवला. तेव्हा नामा उठून उभा राहिला.

"कवड्याचं पान कुठाय?"

चांगोनं वर पाहिलं नाही. शिमग्याच्या शिकारीचं डुक्कर ओढ्याकाठी भाजून, कापून झालं होतं आणि पळसाच्या वाळक्या पत्रावळी ओळीनं मांडल्या होत्या. वाडीचा रिवाज जुना. जो शिकारीला आला त्याला वाटा, मग तो माणूस असो की कुत्रा. वाटे घालायचं काम चांगोचं, आणि त्याचा हात आजवर कुणाकडे झुकला नव्हता.

"कवड्या शिकारीला आला कुठं?" तो म्हणाला.

"मंग ह्यो कोण हाय?"

कवड्या जांभळीखाली पडून होता. अंगावरचे काळे ठिपके विटून सगळा कुत्राच राखाडी झाला होता. डोळ्यांवर पांढुरका पडदा आलेला, तोंडात औषधालाही दात नाही. घरी नामाची बायको भिमी त्याला पेजेत भाकर कुस्करून घालायची आणि वर पदरानं त्याचं तोंड पुसायची. आज सकाळी नामानं त्याला मानेवर आडवा घेतला, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात, आणि अख्खी चढण चढून आणला. पोरं हसून बेजार झाली होती. नामाला धाप लागली, पण त्यानं कवड्याला कुठं खाली टेकवला नाही.

"तो आला नाय," चांगो म्हणाला. "तू आणलास."

कमळूला आता जोर आला. मुरबाडला कंपनीत जाणारा गडी, शिकारीसाठी रजा टाकून वाडीत आलेला. "मामा, उद्या त्याला धसईच्या एस्टीत बसवून आणा. मंग म्हणाल, आमच्या कुत्र्यानं बाजारबी केला!"

सगळे खो खो हसले. नामा तसाच उभा राहिला.

"वाटा पळणाऱ्याला असतो रे," चांगो जरा नरमाईनं बोलला. "तुझ्या पानातलं दे ना त्याला. कोण नाय म्हणतंय?"

"माझ्यातलं तो रोजच खातो," नामा म्हणाला. "आज त्याला त्याचं पायजे."

हसणं थांबलं. दोन घास मटणासाठी भांडायला नामा काही खुळा नव्हता. पण पान पडलं नाही म्हणजे कवड्या शिकारी कुत्र्यांतून उठला. उद्यापासून तो नुसता दारात पडून खाणारा. ज्या कुत्र्यानं तरणेपणी एक ससा कधी दातानं फाडला नाही, अलगद तोंडात धरून आणायचा, वाटे घालणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा आणि समोर बसून राहायचा, त्याला असं उठवलेलं नामाला बघवणार नव्हतं.

चांगोला एवढ्या माणसांसमोर माघार घेणं जड गेलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. डुक्कर विस्तवावर घालायच्या आधी कापून टाकलेला एक कान मातीत पडला होता, राठ केसांसकट. तो त्यानं उचलला आणि एका पत्रावळीवर टाकला.

"घे. झाला त्याचा वाटा."

कुणीतरी उगाच खाकरलं. नामानं कानाकडं पाहिलं, मग चांगोकडं. मागितलेलं मिळालं होतं. आता तक्रार तरी कसली करायची? त्यानं पत्रावळ उचलली आणि कवड्याच्या नाकाशी नेऊन ठेवली.

कवड्याचं नाक हललं. भाजल्या मटणाचा वास तर मघापासून सगळीकडं होता, त्यानं मान उचलली नव्हती. पण हा केसांचा वास होता, कच्च्या जनावराचा. त्यानं पुढचे पाय रोवले. ते घसरले. नामानं आधाराला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. दुसऱ्या खेपेला कवड्या उभा राहिला.

त्यानं कान हिरड्यांत धरला, अलगद, आणि चालू लागला. तरणी कुत्री गुरगुरली, त्यांना पोरांनी दाबून धरलं. वाटेतल्या एका दगडावर तो आपटला, वळसा घालून पुन्हा हुंगत निघाला. चांगोपाशी येऊन थांबला. कान त्याच्या पायाशी ठेवला आणि समोर बसला, तोंड वर करून.

चांगोचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. तो तिथंच राहिला. कमळू ओढ्याकडं बघत बसला होता.

मग चांगोनं कोयता घेतला. स्वतःच्या पानातलं काळीज मधोमध कापलं, मऊ बघून तुकडा काढला आणि पुढं केला.

"नको," नामा म्हणाला. "ते तुझं हाय."

तो वाकला. कवड्याला मानेवर घेतला, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात, आणि वाडीच्या वाटेला लागला. त्याचं स्वतःचं पानही तिथंच राहिलं.

उतार संपेपर्यंत कवड्याची शेपटी नामाच्या छातीवर आपटत होती, शिकार पोचती केल्यावर आपटायची तशी.