लोकांचा वाटा

सोळा सोमवारच्या उद्यापनाच्या चुरम्याचे विशाखाबाईंनी तीन वाटे केले. देवाचा देवळात पोचला, घरचा झाकून ठेवला. लोकांचा मात्र चार दारं फिरूनही डब्यातच राहिला.

"नको हो वहिनी, आम्ही निमूट कर भरणारी माणसं," शेजारीण म्हणाली. विशाखाबाईंच्या कंत्राटी इंजिनिअर यजमानांनी कर वाचवायला सल्लागार सांगेल तिथे सह्या केल्या होत्या; काल पेपरात करबुडव्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं.

हा वाटा दिल्यावाचून व्रत पुरं होणार नव्हतं.

वरच्या मजल्यावरचं एक घरही त्याच सल्लागारापायी बदनाम झालं होतं. गेल्या महिन्यात तिथून आलेला प्रसाद विशाखाबाईंनीच "उपवास आहे" असं खोटं सांगून परत पाठवला होता.

मान खाली घालून त्यांनी तिथली बेल दाबली.

"महिन्याभरानं बेल वाजली हो," दारातली बाई म्हणाली, आणि तिनं ओंजळ पुढे केली.