बोर्डाची हद्द

पडदा काळा झाला आणि फोनवरून ऋषिराज म्हणाला, "अप्पा, बॅटरी काढा."

अप्पांनी कंप्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, आतली रुपयाएवढी बॅटरी नखानं उचकटली, सदऱ्याला पुसली आणि परत बसवली. पुसायची गरज नव्हती, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं. मशीन चालू झालं. वाढवून टाकलेला वेगाचा आकडा पुसला जाऊन होता तिथंच परत आला. ऋषिराज म्हणाला, हरकत नाही, उद्या दुसरा आकडा टाकून बघू.

वरकुट्यात नुकतं उजाडत होतं. तिकडं टोरांटोत ऋषिराजची संध्याकाळ होती. दिवाळीपासून बापलेकांचा हा उद्योग रोज चालला होता.

कंप्युटर ऋषिराजनंच जोडलेला. परदेशी जाण्याआधी बारामतीतून एकेक भाग आणून. अप्पा त्यावर हवामान बघत आणि डाळिंबाचे भाव बघत. दोन्ही उशिरा उघडलं तरी बिघडत नसे, कारण उघडल्यावर आनंद व्हावा असं आत काही नसे. तरी एकदा ते फोनवर बोलून गेले की कंप्युटर फार सावकाश चालतो. खरं म्हणजे दुसरं काही सुचत नव्हतं. मुलाशी फोनवर बोलायचं खातं द्वारकाबाईंकडं होतं. गेल्या वर्षी त्या वारल्या आणि त्या खात्याचा अतिरिक्त कार्यभार नवऱ्याकडं आला. जेवलास का, जेवलो, तब्येत, बरी, ठेवू, ठेवा. मिनिटभरात कामकाज तहकूब.

पण त्या दिवशी ऋषिराज एकदम खुलला. म्हणाला, प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवून दिलेला असतो, तो आपल्याला वाढवता येतो. तापेल, पण पळेल. तापेल म्हटल्यावर अप्पांनी विहिरीवरच्या मोटारीवर टाकतात तसं ओलं गोणपाट कंप्युटरवर टाकलं. ते काढायला लावण्यात एक सकाळ गेली. मोटार आणि कंप्युटर यांच्यात फरक काय, यात दुसरी. मग रोज तासभर बोलणं होऊ लागलं. सगळं आकड्यांबद्दल. मध्येच आईच्या हातची मेथी निघे, विकलेली म्हैस निघे, आणि दोघंही घाईघाईनं आकड्यावर परत येत.

अप्पांना एकच काळजी होती. वेग खरंच वाढला तर? मशीन बंद होऊन चालू होईपर्यंत ते डोळे मिटून घेत आणि वाढू नये म्हणून मनात विनवत. वाढत नसे. त्यांना बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाज वाटे.

त्या लाजेवर शेजारच्या दादासोंनी बोट ठेवलं. सकाळी चहाला आले ते फोन संपेपर्यंत बसून राहिले.

"अप्पा, पोरगं तितं नोकरीला हाय का तुमच्या कंप्युटरला?" ते म्हणाले. "दिसभर राबून आल्यालं असतंय. भाकर तरी खाऊ द्या त्येला."

एवढं सुनावून त्यांनी दुसरा कप मागितला.

अप्पांना ते लागलं. मुलाला तिकडं मित्र असतील, कुठं जायचं-यायचं असेल. फोनमधून मागं कधी कुणाचा आवाज येत नसे, पण तिकडची माणसं शिस्तीची, हळू बोलत असतील. आणि पोरगं रोजची संध्याकाळ आपल्यापायी घालवतंय. अप्पांनी ठरवलं. वेग बारामतीतून वाढवून आणायचा आणि सांगायचं, झालं बाबा, सुटलास.

डबा चादरीत गुंडाळून ते एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्यात? अप्पा म्हणाले, पोराचं हाय.

दुरुस्तीचं दुकान जळोचीच्या रस्त्याला होतं. ते निकिता नावाची मुलगी चालवायची. तिनं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि कशालाही हात न लावता झाकण परत लावलं.

"आबा, ह्याचा वेग वाढत नसतोय," ती म्हणाली. "प्रोसेसर पळंल, पण ज्या बोर्डावर तो बसवलाय, तो बोर्डच त्याला पळू देत न्हाय. स्वस्तातला हाय. कंपनीनंच कुलूप घालून दिलंय. कितीबी आकडे टाका."

अप्पा हसले. म्हणाले, माझा मुलगा इंजिनिअर आहे, तो दिवाळीपासून सांगतोय तसे आकडे टाकतोय मी.

निकितानं विचारलं, बोर्ड कुणी निवडला होता? अप्पा म्हणाले, त्यानंच. सगळं त्यानंच जोडलंय.

"मग त्याला हे पयल्या दिवसापासनं म्हाईत असणार की."

निकितानं समजावलं की दुसरा बोर्ड आहे तिच्याकडं, संध्याकाळपर्यंत बसवून देते, मग कंप्युटर नुसता पळत सुटेल. अप्पांनी डबा चादरीत गुंडाळायला घेतला. गाठ नीट बसेना. नको म्हणाले.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तिकडं मुलाला मित्र असतील हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मुलानं तसं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन वाजला.

"अप्पा, आज येक नवीन आकडा काढलाय," ऋषिराज म्हणाला. "आज वाढंल असं वाटतंय मला."

"वाढंल की. न्हाय वाढला तर उद्या बघू, परवा बघू," अप्पा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "तू आदी ताट घे. फोन ठेवू नगंस, माझ्याशी बोलत बोलत जेव."