तिसरी पट्टी

"ही पट्टी सोडा, सिस्टर, आता आमची बांधा," फोटोग्राफरला पुढे करत परदेशी पाहुण्यांचा दुभाषी म्हणाला.

पुरात पत्र्याने कापलेला रावजींचा पाय एस्तेर रोज धुऊन बांधत होती. जखम भरत आली होती. पण शाळेतली ही छावणी तीन देशांतल्या ख्रिस्ती संस्था मिळून चालवत होत्या, आणि प्रत्येकीला फोटोत आपल्याच चिन्हाची पट्टी हवी होती. पहिल्या दोन संस्थांसाठी एस्तेरने ती मुकाट्याने बदलली. दुसऱ्या वेळी चिकटलेल्या कापडाबरोबर खपली निघाली आणि रक्त वाहू लागलं.

"सिस्टरबाई, अजून कुणाचा फोटू ऱ्हायलाय का?" रावजींनी दात आवळून विचारलं. त्यात टोमणा नव्हता. नाही म्हटलं तर शिधा बंद होईल, ही धास्ती होती.

"आटपा लवकर," चर्चचे पाळक दारातून म्हणाले. "या एकजुटीबद्दल प्रभूचे आभार मानायचेत."

एस्तेरने नवी पट्टी दुभाष्याच्या हातात परत कोंबली. "शी! आधी बाहेर व्हा सगळे," ती म्हणाली. त्यांच्या तोंडावर तिने दार लावलं आणि जखम धुवायला पाणी उकळत ठेवलं.